आधी जिलबीला ‘नको’ म्हणू द्या

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांना चिरडलं. गाडी चालवणारा १७ वर्षांचा होता आणि त्याआधी पबमध्ये बसून आला होता, असं पोलिसांनी सांगितलं. बाल न्याय मंडळाने त्याला जामीन देताना घातलेल्या अटींपैकी एक अट साऱ्या देशाने ऐकली: अपघात या विषयावर ३०० शब्दांचा निबंध लिहायचा. लोक चिडले, मोबाइलवर विनोद फिरले. मी त्या विनोदांना हसले नाही, कारण मला चोरी पकडल्यासारखं झालं. नाशिकच्या शाळांत मी सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवलं. दारूबद्दल इतक्या वर्षांत मुलांना मी तरी दुसरं काय दिलं? निबंधच.

२६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन. मुलांच्या हातात फलक, फलकावर कवटी आणि बाटली, गल्लीतून फेरी, ‘दारू सोडा, संसार जोडा’च्या घोषणा. २ ऑक्टोबरला हात पुढे करून शपथ. त्याच आठवड्यात निबंधस्पर्धा, विषय ‘व्यसन : एक सामाजिक कीड’. एका वर्षी पहिला आलेल्या मुलाचा निबंध मला अजून आठवतो. यकृताचे सगळे आजार त्याने क्रमाने लिहिले होते, शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. चार वर्षांनी तो भेटला तेव्हा हाताला प्लास्टर होतं. चुलतबहिणीच्या हळदीला डीजेसमोर नाचून झाल्यावर टेम्पोमागे गेला, तिथे पहिल्यांदा प्यायला आणि परतताना मोटारसायकलवरून पडला. मी काही विचारायच्या आत म्हणाला, “मॅडम, माहीत सगळं होतं. पण दाजींनी ग्लास हातात दिला तेव्हा काय बोलायचं, तेच सुचलं नाही.”

काय बोलायचं ते त्याला कुणीच शिकवलेलं नव्हतं. मीही नाही.

आपल्याकडे ‘नको’ हा शब्द ऐकून न ऐकल्यासारखा करायची रीत आहे. पंगतीत वाढणारा ‘नको’ ऐकतो आणि पुढे सरकायचं सोडून ताटावर वाकतो. हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून जिलबी खाली सोडतो. ‘एकच’, ‘बरं, अर्धी’, ‘माझ्या हातची आहे’, ‘माझी शपथ आहे’, ‘आता नाही घेतलीस तर मी रागवेन हं’. पाहुण्याने तीनदा नाही म्हणायचं आणि चौथ्यांदा घ्यायचं. पहिल्या ‘नको’ला जो थांबला त्याला आपण रूक्ष म्हणतो, कंजूष म्हणतो. लहान मूल आत्याकडे जायला तयार नसतं, तरी त्याला ‘पापी दे आत्याला’ म्हणून पुढे ढकलतो. पोट भरलंय असं सांगणाऱ्या पोराला ‘एवढा घास चिऊचा’ म्हणत भरवतो. यातलं सगळं वाईट आहे असं मी म्हणत नाही. आग्रहाशिवाय पंगत मलाही बेचव लागते. पण पंधरा वर्षं ज्याच्या ‘नको’ला घरात काडीची किंमत मिळाली नाही, त्याने सोळाव्या वर्षी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला मित्रांच्या गराड्यात एकाएकी ठाम व्हावं, ही अपेक्षा आपण कुठल्या बळावर करतो? तिथली वाक्यं नीट ऐका. ‘एकच रे.’ ‘बरं, अर्धा.’ ‘माझ्यासाठी.’ ‘शपथ आहे तुला.’ ‘नाही घेतलीस तर दोस्ती संपली.’ वाक्यं पंगतीतलीच आहेत, फक्त वाढणारा बदलला.

वाढणारा कोण, हेही पाहायला हवं. व्यसनविरोधी चित्रफितींत काळा चष्मा घातलेला कुणी वाईट मित्र असतो. आमच्या भागात, विशेषतः निफाड-दिंडोरीकडच्या लग्नाहळदींत, पहिला ग्लास पुष्कळदा घरचाच माणूस देतो. मामा देतो, चुलतभाऊ देतो, दाजी देतात. ‘आता मोठा झाला आमचा भाचा’ हे त्यामागचं कौतुक असतं. गटारीला, थर्टी फर्स्टला, मिरवणुकीनंतर तेच. परदेशी धड्यांत समवयस्कांचा दबाव शिकवतात, आणि तो आहेच. पण आमच्या पोरापुढे उभा असतो वयाने मोठा, मानाचा माणूस. त्याला ‘नाही’ म्हणणं म्हणजे उलट बोलणं, असं त्याच घराने शिकवलेलं असतं. म्हणून नकार शिकवायचा तर तो आदरार्थी बहुवचनातसुद्धा शिकवायला हवा. ‘मामा, तुमच्यासोबत बसतो, चकणा खातो, पण ग्लास नको.’ हे वाक्य मोठ्याने, आवाज न कापता, तीन वेळा म्हणून पाहा. पन्नाशीच्या माणसाला जड जातं.

मामांसाठी एक माहिती. बाल न्याय कायदा, २०१५, कलम ७७ : अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. हळदीच्या मांडवात हे कलम कुणी लावल्याचं मी ऐकलेलं नाही, पण कायद्याला दाजी आणि पबवाला सारखेच. तसा महाराष्ट्रात सौम्य बियर आणि वाईन २१ वर्षांनंतर, कडक दारू २५ नंतर, आणि प्यायला परवाना लागतो. परमिट रूममध्ये कुणी परमिट विचारलं, असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय.

आता नाशिकविषयी. एका हाताने आम्ही रामकुंडाचं तीर्थ देतो, दुसऱ्याने वाईन. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क झालं, सुला या वाईन कंपनीने गंगापूरच्या बाजूला पर्यटक आणले आणि शहराला ‘वाईन कॅपिटल’ हे बिरुद चिकटलं. द्राक्षबागायतदाराचे कष्ट मला माहीत आहेत, माझं माहेर पिंपळगावचं. एका गारपिटीत वर्षाची कमाई जाते, आणि वाईनसाठी द्राक्ष घेणारं गिऱ्हाईक त्या माणसाला हवंच असतं. तेव्हा वाईनरी बंद करा असं मी म्हणणार नाही. पण जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, अण्णा हजाऱ्यांपासून सगळे विरोधात उतरले, आणि त्या गदारोळात ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकू आलं की नववीच्या वर्गातही पोचलं. निर्णय पुढे अमलात आला नाही. वाक्य मात्र राहिलं. एका मुलीने मला सरळ विचारलं, “मॅडम, वाईन म्हणजे द्राक्षाचा ज्यूसच ना, थोडा जुना?”

उत्तर द्यायला फळा लागतो. व्हिस्कीत मद्यार्क ४२.८ टक्के. ३० मिलीचा छोटा पेग, म्हणजे जवळपास १३ मिली शुद्ध मद्यार्क. वाईन साधारण १३ टक्के. १५० मिलीच्या एका ग्लासात साडेएकोणीस मिली, म्हणजे दीड पेग. आणि पोरं जिला दारूत धरतच नाहीत ती स्ट्राँग बियर : ८ टक्के, बाटली ६५० मिलीची. गुणाकार करा, ५२ मिली. एक बाटली म्हणजे व्हिस्कीचे चार छोटे पेग. हे गणित मी वर्गात केलं तेव्हा मागच्या बाकावरची कुजबुज एकदम थांबली. कवटीच्या चित्राने ती कधी थांबली नव्हती. पुढचं गणित : यकृत तासाला साधारण दहा मिली मद्यार्काचाच निचरा करतं. म्हणजे ती एक बाटली उतरायला पाच तास. लिंबू चोखा, कॉफी प्या, डोक्यावर गार पाणी ओता, यकृताचा वेग वाढत नाही. रात्री अकराला रिकामी केलेली बाटली घेऊन दीड वाजता अ‍ॅक्टिव्हा चालवणारा पोरगा ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतो, तेव्हा त्याला खरंच तसं वाटत असतं. आपल्याला किती चढलेली आहे हे ठरवणारा मेंदूचा भागच आधी झोपलेला असतो.

आणि तो भाग, कपाळामागचा, या वयात पुरता बांधूनही झालेला नसतो. तोल, संयम, ‘पुढे काय होईल’ हा विचार सांभाळणारी ही वायरिंग पंचविशीच्या आसपास पूर्ण होते. लवकर सुरुवात करण्याची किंमतही मोजली गेली आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, पंधराच्या आत प्यायला लागलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त लोक पुढे आयुष्यात कधी ना कधी दारूच्या आहारी गेले. विसाव्या वर्षी किंवा त्यानंतर सुरू करणाऱ्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होतं. लवकर पिणारी मुलं आधीच अडचणीच्या घरांतून येतात, हेही त्यात मिसळलेलं असणार. तरी पहिला ग्लास जितका लांबेल तितकं बरं, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

मला सगळ्यात उपयोगी वाटलेला आकडा मात्र कुठल्याच फलकावर दिसत नाही. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. त्यात १० ते १७ वयाच्या मुलांमध्ये दारू घेणारे निघाले १.३ टक्के. घरच्यांच्या समोर विचारल्यावर कोण खरं सांगतं, म्हणून दुप्पट करा, पाचपट करा, दहापटही करा. तरी शंभरातली ऐंशीहून जास्त मुलं पीत नाहीत. वर्गात चिठ्ठीवर ‘तुझ्या वयाची शंभरातली किती पितात?’ असं नाव न लिहिता विचारा. माझ्याकडे साठ, सत्तर अशा चिठ्ठ्या यायच्या. ‘सगळेच पितात’ हा या वयातला सगळ्यात मोठा गैरसमज आहे, आणि न पिणारा प्रत्येक जण स्वतःला एकटा समजत कोपऱ्यात बसलेला असतो. आमच्या फेऱ्या आणि घोषणा तो गैरसमज वाढवतात. एवढी मोठी फेरी काढताहेत म्हणजे पिणारे किती असतील!

ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडी, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाचा कारखाना सापडला. तेव्हापासून शाळा-कॉलेजांतली व्याख्यानं ड्रग्जवर असतात. ती हवीतच. पण त्या गडबडीत दारू बिचारी सभ्य होऊन गेली.

मग शिकवायचं काय? मी निवृत्त झाल्यावर बहिणीच्या सोसायटीत, इंदिरानगरला, आठवी ते अकरावीच्या पोरांबरोबर शनिवारी संध्याकाळी एक खेळ सुरू केला. एकाने आग्रह करायचा, दुसऱ्याने नाही म्हणायचं. हातात लिंबू सरबताचा ग्लास. बाकीच्यांनी चिथावायचं, अगदी खऱ्यासारखं. ‘एवढा काय भाव खातो?’ ‘आईला विचारून ये जा.’ ‘दूध पी दूध.’ मुलींना वेगळं : ‘एवढी काकूबाई नको होऊस गं.’ पहिल्या शनिवारी जवळपास सगळेच दुसऱ्या मिनिटाला हरले. हरले म्हणजे कारणं देत बसले. कारण दिलं की समोरचा ते कारण खोडतो, आणि सगळी खोडून झाली की ग्लास घ्यावाच लागतो. हे त्यांच्या लक्षात आलं ते खेळताना. माझ्या व्याख्यानाने आलं नसतं.

त्यातून पोरांनीच काही गोष्टी शोधल्या. नाही म्हणून लगेच विषय बदलायचा. हात रिकामा ठेवायचा नाही, स्वतः ओतलेला सोडा हातात धरायचा आणि खाली ठेवून कुठे जायचं नाही. गटातला आणखी एक न पिणारा हेरून त्याच्या शेजारी बसायचं, कारण दोन ‘नको’ एकमेकांना टेकून उभे राहतात. सगळ्यात चाललेलं वाक्य होतं, ‘पहाटे ग्राउंड आहे.’ आमच्याकडे निम्मी पोरं पोलिस नाहीतर सैन्यभरतीची तयारी करत असतात, त्यामुळे पहाटे पाचला धावायला जाणाऱ्याला कुणी चिडवत नाही. ‘गाडी मी चालवतोय’ हेही चालतं. ‘औषध सुरू आहे’ म्हणजे खोटं बोलणं. ते शिकवावं का, यावर एका पालकांशी माझा वाद झाला. त्यांचं म्हणणं, मूल्यशिक्षणात खोटेपणा कशाला? माझं म्हणणं, सोळाव्या वर्षी रात्री साडेअकराला सुटका महत्त्वाची. ‘मला प्यायची नाही, बस’ असं कारणाशिवाय म्हणता येणं ही पुढची इयत्ता आहे.

एक गोष्ट मात्र आई-वडिलांनी शिकायची. घराचा एक सांकेतिक निरोप ठरवा. ‘माझी निळी वही सापडली का?’ एवढाच मेसेज आला की बापाने गाडी काढायची, पोराला फोन करून ‘ताबडतोब घरी ये, आजीला बरं नाही’ म्हणायचं आणि घ्यायला जायचं. मित्रांपुढे दोष बापावर. परतीच्या वाटेवर एकही प्रश्न नाही, वास आला तरी नाही. बोलणं दुसऱ्या दिवशी दुपारी. हे ऐकून बाप लोक मान डोलावतात, पण मी त्यांना विचारते, शुक्रवारी रात्री तुम्ही स्वतः गाडी चालवण्याच्या अवस्थेत असता का? मग हशा होतो. पुढे थोडी शांतता.

त्याच बैठकीत एक वेगळाच धडा लागतो, आणि तो द्यायला लोक बिचकतात : मित्र पडला तर काय करायचं? बेशुद्ध झालेल्याला उताणा टाकून ‘झोपू दे, उतरेल’ म्हणत निघून जाऊ नका. उलटी श्वासनलिकेत जाऊन माणूस मरतो. कुशीवर वळवा, कुणीतरी शेजारी बसा, श्वास अडखळतोय किंवा हलवूनही जाग येत नाही असं दिसलं तर १०८ ला फोन करा. पोरं फोन करत नाहीत ती दारूला नाही, तुम्हाला भिऊन.

‘हे सगळं शिकवलं की उत्सुकता वाढते’ ही तक्रार मी ऐकली आहे. ज्या शहरात कॉलेज रोडवर बारची पाटी न वाचता चालता येत नाही, तिथे उत्सुकता माझ्यासाठी थांबलेली नाही. दुसरी तक्रार शिकलेल्या घरांतली : ‘आम्ही घरीच थोडी देतो, म्हणजे बाहेर जाऊन पीत नाहीत.’ ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० मुलांचा सहा वर्षं पाठपुरावा करून हेच तपासलं गेलं, निष्कर्ष २०१८ मध्ये आले. आई-वडिलांनी दिल्याने मुलं वाचल्याचं काही दिसलं नाही. उलट, घरी मिळणाऱ्या मुलांना बाहेरूनही मिळण्याची शक्यता जास्त निघाली. एकदा घराने ‘चालतं’ म्हटलं की ते सगळीकडे चालतं.

तिसरी बाजू दारूबंदीवाल्यांची, आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. उभी बाटली की आडवी बाटली, असं मतदान करून गावातलं दुकान बंद पाडणाऱ्या बायकांनी जे केलं ते माझ्या शनिवारच्या खेळापेक्षा कितीतरी मोठं आहे. पण चंद्रपुरात २०१५ ला आलेली बंदी २०२१ ला उठली. आणि नाशिकमध्ये, जिथे द्राक्षापासून हॉटेलापर्यंत सगळं त्याच वेलीला लटकलेलं आहे, तिथे बंदीची वाट पाहत बसलेल्या आईचा मुलगा तोवर पंचविशीचा होईल.

माझ्या बाजूचीही उणीव सांगून टाकते. नुसता नकार शिकवून फार होत नाही. अमेरिकेत १९८३ पासून पोलिस वर्गात येऊन ‘ड्रग्जला नाही म्हणा’ शिकवत. अभ्यास झाले तेव्हा मुलांची माहिती वाढलेली दिसली, वागणं जवळपास तेच. पुढे तो अभ्यासक्रमच बदलावा लागला. आइसलँडने वेगळं केलं. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी गेल्या महिन्यात झिंगेपर्यंत प्यायल्याचं सांगितलं होतं. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. त्यांनी व्याख्यानं वाढवली नाहीत. संध्याकाळी मुलांना खेळ आणि संगीत दिलं, पालिकेने त्याला पैसे दिले, आई-वडिलांनी मिळून रात्री बाहेर राहण्याची वेळ ठरवली आणि स्वतः मुलांबरोबर जास्त वेळ काढला. साडेतीन-चार लाख वस्तीचा देश, नाशिक शहराहून कितीतरी लहान. पण आपल्या नगरसेवकाकडे आपण शेवटचं मैदान कधी मागितलं होतं? सभामंडप मागतो. तो मिळतो, आणि हळदीही तिथेच होतात.

तरी तोवर, शनिवारचा खेळ. गेल्या होळीला बहिणीकडे जेवायला होते. भाचा अकरावीत आहे, खेळात पहिल्या शनिवारी दीड मिनिटात हरलेला. दोन पोळ्या झाल्या होत्या. मी तिसरी पुरणपोळी घेऊन त्याच्या ताटाकडे वळले, वर तुपाची वाटी.

“नको मावशी.”

“अरे, लहानशी आहे, मुद्दाम तुझ्यासाठी...”

“मावशी, पाणी देतेस का जरा?”

विषय बदलला होता पठ्ठ्याने. मी पोळी डब्यात परत ठेवली, तांब्या उचलला. थोडी रागावले होते, खोटं कशाला सांगू? आणि पाणी ओतताना तोंडातून निघालंच, “अर्धी तरी?”